इंद्रभान सरांची तिसरी हाक

इंद्रभान काकडे सरांना आयुष्यात एकदा थोडी शांतता पाहिजे होती. घरची नव्हे, घरच्या शांततेची आशा त्यांनी केव्हाच सोडली होती. त्यांना ती कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पाहिजे होती, नाटकाच्या शेवटी, चार श्वासांपुरती. आता गॅदरिंगमध्ये शांतता मागणं म्हणजे भर बाजारात खाट टाकून झोपायला जागा मागणं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, सगळ्यांनी सांगितलं होतं. पण ऐकतील तर ते इंद्रभान सर कसले.

सर मूळचे किन्हीराजाचे. घरचं थोडं वावर भाऊ पाहतो. सर शेलूबाजारच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका कॉलेजात मराठी शिकवतात. शिकवतात म्हणजे तासिकेवर. दरवर्षी पावसाळ्यात नव्यानं मुलाखत द्यायची, परीक्षा आल्या की नव्यानं निरोप घ्यायचा, असं करत करत डोक्यावरचे केस गेले. कायम झालेले प्राध्यापक गॅदरिंगच्या दिवसांत बरोबर आजारी पडतात, कोणाला कंबर, कोणाला शुगर. मग रांगोळी, अंताक्षरी, एकमेकांना चिमटे काढणारे शेलापागोटे अन् पाहुण्यांचे हारतुरे हे सगळं लोढणं सरांच्याच गळ्यात. ते सगळं सर दात-ओठ खाऊन उरकतात. त्यांचा जीव फक्त नाटकात.

अन् नाटक म्हटलं की त्यांचं नशीब आडवं येतं. एका वर्षी ऐन रंगात आलेल्या प्रसंगात लाईट गेली, ती दुसऱ्या दिवशीच आली. एका वर्षी मागच्या पोरांनी मरणाच्या प्रसंगात अशा शिट्ट्या मारल्या की मेलेला माणूसच हसायला लागला. गेल्या वर्षी पाहुणे उशिरा आले, त्यांच्या सत्कारासाठी नाटक मध्येच थांबवलं, अन् सत्कार आटोपल्यावर नाटक अर्धं राहिलंय हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. नटसुद्धा कपडे बदलून जेवायला बसले होते. अशा प्रत्येक नाटकानंतर सर घरी जाऊन जेवत नसत. त्यांची बायको रुख्मिणी एकदा म्हणाली, “नका करत जाऊ ना मंग नाटक.”

“तुले काय समजते त्यातलं.”

“नाटकातलं नाई समजत. पण उपाशी तं माह्याच घरात राह्यता ना तुमी.”

सर चिडून अंगणात जाऊन बसले.

ह्या वर्षीचं नाटक त्यांना एसटीत सापडलं. कॉलेजातून परत येताना शेजारी दौलतसिंग बसला होता. किन्हीराजाच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक तांडा आहे, बंजाऱ्यांची वस्ती, दौलतसिंग तिथला नाईक, म्हणजे तांड्याचा प्रमुख. शेलूबाजारच्या सोयऱ्यांकडून येत होता. गोष्टीवरून गोष्ट निघाली अन् तो त्यांच्या तांड्यातल्या एका जुन्या माणसाचं सांगायला लागला.

“आमच्या पंज्याच्याही पंज्यातला माणूस, सोमला नाव. बैलाईवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरे. दुष्काळात सरकारी कोठारातलं धान्य चोरलं असा आळ आला त्याच्यावर. गोऱ्या साहेबापुढं उभा केला. तं आमच्यात मास्तर, नसाब बसते, म्हंजे तांड्याची न्यायाची बैठक. तिथं नाईक तीन खेप हाक मारते, का ह्या माणसाच्या बाजूनं बोलनारा कोणी हाये का. हे कोणंतरी साहेबाले सांगतलं. मंग साहेबानंही तीन खेप हाक मारली. अन् तिन्ही खेपेले कोणीच उठलं नाई.”

“काहून नाही उठलं?” सरांनी विचारलं.

दौलतसिंगनं खिडकीबाहेर पाहिलं, तोंडातली सुपारी गालाच्या दुसऱ्या बाजूला घेतली, अन् सांगायला तोंड उघडणार तर किन्हीराजा आलं. कंडक्टरनं घंटी वाजवली. सर पिशवी उचलून उतरले. गोष्ट राहिली बसमध्ये, ती गेली पुढं.

मी म्हणतो, मराठीच्या मास्तरानं गोष्ट पुरी ऐकून उतरू नये का? पुढच्या फाट्यापर्यंत गेला असता तर काय बिघडत होतं? पण सरांना पुढची गोष्ट पाहिजेच नव्हती. त्यांना त्यांचा ऐवज मिळाला होता. कचेरीत उभा एकटा माणूस, तीन हाका, अन् प्रत्येक हाकेनंतर शांतता. तिसऱ्या हाकेनंतरची शांतता अशी की बघणाऱ्यानं पापणी हलवू नये, अन् मग साहेबाचा निकाल: काळं पाणी. काळं पाणी सरांनी आपल्या मनानं घातलं. महिन्याभरात नाटक तयार झालं, नाव “सोमला हाजीर हो”.

मग सुरू झाल्या तालमी, अन् तालमींबरोबर सरांचं डोकं दुखणं.

न्यायाधीश केला हरीओमला. हरीओम शेलूबाजारचा, बापाची काळीपिवळी जीप आहे. लहानपणापासून बापाच्या जीपवर लटकून “मालेगाव, मालेगाव” ओरडत सवाऱ्या गोळा केलेला पोट्टा, आवाज असा की माईक लागू नये. पण साहेबाची हाकही तो तशीच मारायचा.

“हरीओम,” सर म्हणाले, “तू सवाऱ्या भरून राह्यला काय? तू न्यायाधीश हायेस.”

“मंग हळू म्हणू का सर?”

“हळू नाही. जड म्हण.”

“जड म्हंजे कसं सर?”

सरांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं, एकदा, दोनदा, पुष्कळदा. हरीओम मान हलवायचा अन् पुन्हा सवाऱ्या गोळा करायचा. शेवटी सर वैतागून म्हणाले की तुझ्या जीपमध्ये आता कोणीच बसणार नाही हे तुला माहीत आहे, तरी तू हाक मारतो आहेस, असं म्हण. तेव्हा कुठं ते बरोबर जमलं.

सरकारी वकील होती वैष्णवी. मोठे शेतकरी उकंडराव, त्यांची पोरगी, वक्तृत्वात दरवर्षी बक्षीस घेणारी. तिचे संवाद दुसऱ्याच दिवशी पाठ, पण तिचं निराळंच दुखणं. “सर, ह्याला वकील काहून नाही?”

“तेव्हा नव्हता.”

“मंग मी त्याचीच वकील होते ना.”

“वैष्णवी, तू सरकारची वकील आहेस. त्याच्यावर आरोप ठेव अन् खाली बस.”

“ठेवते सर. पण पटत नाही.”

“पटवून घ्यायला मी तुला विचारलं काय?” सर ओरडले. ती आरोप ठेवायची, पण असा ठेवायची की जसा काही सोमलाच फिर्यादी आहे.

अन् सोमला होता राजपाल. दौलतसिंगच्याच तांड्यातला, शेवटच्या वर्षाचा पोरगा, उंच, मुका वाटावा इतका कमी बोलणारा. दिवाळी झाली की त्या तांड्यातले धडधाकट लोक ऊसतोडीला तिकडं पश्चिमेला जातात, घरी राहतात म्हातारे अन् शाळेतली लेकरं. राजपालचे आई-बापही गेले होते. तो आजीजवळ राहायचा, तिचं नाव हिरीबाई. पोरगा कटघऱ्यात नुसता उभा राहिला तरी सरांचा राग निवायचा. सगळ्या मेळ्यात तो एकच सरांना त्रास देत नव्हता.

फक्त एकदा त्यानं तोंड उघडलं. तिसऱ्या हाकेचा प्रसंग बसवणं चालू होतं. “सर,” तो म्हणाला, “ते तिसऱ्या हाकेचं...”

“तुला तिथं संवाद नाही.”

“संवादाचं नाई सर. तिसरी हाक म्हंजे आमच्यात...”

“राजपाल, मान खाली. मान खाली घालून उभा राहा, बाकी मी पाहतो.”

राजपालनं मान खाली घातली. दोन दिवसांनी त्यानं पुन्हा “सर” म्हटलं, तेव्हा सर हरीओमवर ओरडत होते. मग त्यानं नाद सोडला.

सोमलासाठी जुना फेटा पाहिजे होता. भाड्याचे फेटे लग्नातले, चमचम करणारे, ते पाहून सरांच्या अंगाची आग झाली. राजपाल म्हणाला, आजीजवळ आहे. म्हणून सर मोटारसायकल घेऊन तांड्यावर गेले. रस्ता असा की हाडं खिळखिळी झाली. हिरीबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिनं सरांना चहा पाजला, मग विचारलं, “नाटक कायचं हाये मास्तर?”

सरांनी सांगितलं. सोमलाचं नाव ऐकल्यावर तिचा सुपातला हात थांबला.

“शेवटी काय होते?”

“शिक्षा होते. काळं पाणी.”

“अन् तांडा?”

“तांडा येत नाही. कोणीच येत नाही. तेच तर सगळं नाटक हाये बाई.”

हिरीबाई उठून आत गेली अन् फडक्यात बांधलेला फेटा घेऊन आली, लाल, विटलेला. “माह्या सासऱ्याचा हाये. खाली पडू नका देजा.” मग म्हणाली, “आमी येऊ पाह्याले. घरी हायेत तेवढे सगळे बुडे-बुडी येऊ.”

सरांना बरं वाटलं. म्हातारी माणसं निदान शिट्ट्या मारत नाहीत. तरी त्यांनी बजावलंच, “या, पुढं बसा. पण शेवटी एकदम चूप राहा बरं. तिथं आवाज झाला तं माह्या मेहनतीची माती होईन.”

“आमी कायले आवाज करू,” हिरीबाई म्हणाली. “बोलाची येळ आली तरच बोलतो आमी.”

हे वाक्य सरांच्या कानावरून गेलं. ते फेटा छातीशी धरून मोटारसायकलला लाथा मारत होते.

गॅदरिंगच्या दिवशी सरांनी चहूबाजूंनी बंदोबस्त केला. पाहुण्यांचे सत्कार सकाळीच उरकून टाकले. शिट्ट्या मारणाऱ्या टोळीचा जो म्होरक्या, त्याला नाटकात शिपाई करून स्टेजवरच उभा केला, पडदा ओढायचं कामही त्यालाच दिलं. डीजेवाल्याची मुख्य वायर काढून आपल्या खिशात ठेवली. लाईटचा प्रश्नच नव्हता, नाटक भर दुपारी होतं. कॉलेजच्या पोरांना पाचच्या आत एसटी धरायची असते, त्यामुळं आमच्याकडे हल्ली गॅदरिंग दुपारीच आटोपतं.

पहिल्या रांगेच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी, म्हणून तांड्याची मंडळी तिच्यापुढं सतरंजीवर बसली. दौलतसिंग, हिरीबाई अन् आणखी दहा-बारा म्हातारी माणसं. बाया जुन्या आरशांच्या फेटिया, म्हणजे घागरे, नेसून आल्या होत्या, जशा लग्नाकार्याला येतात. सरांनी विंगेतून पाहिलं, शांत बसलेत, छान.

पडदा उघडला. न्यायाधीशाचा पांढरा टोप वैष्णवीनं घरच्या कापसाचा केला होता, पण पठ्ठीनं सरकी काढलीच नव्हती. हातोडा म्हणून हरीओमनं आईची कपडे धुवायची मोगरी आणली होती. तो मोगरी आपटायचा अन् टोपातून दोन-चार सरक्या टेबलावर पडायच्या. सर विंगेत दात खात होते. पण लोक हसले नाहीत. वैष्णवीनं आरोप ठेवला, शिपायानं शिट्टी न मारता नुसता सलाम मारला, राजपाल लाल फेटा बांधून कटघऱ्यात उभा राहिला, अन् मागच्या पोरांनी मोबाईल खाली ठेवले. असं ह्या कॉलेजात कधी झालं नव्हतं. सरांच्या हातातले कागद ओले झाले होते.

मग हरीओम उठला. जड आवाजात म्हणाला, “या माणसाच्या बाजूने बोलणारा कोणी आहे काय?”

शांतता. हायवेवरून एक ट्रक गेला, तेवढाच.

“दुसऱ्यांदा विचारतो. या माणसाच्या बाजूने बोलणारा कोणी आहे काय?”

शांतता. सरांनी डोळे मिटले. एवढ्या वर्षांची चिडचिड, उपास, गेलेली लाईट, हसणारं मढं, सगळं त्या एका क्षणी फिटत होतं. आता फक्त एक हाक.

“तिसऱ्यांदा आणि शेवटचे विचारतो. या माणसाच्या बाजूने बोलणारा कोणी आहे काय?”

एक श्वास गेला. दुसरा अर्धा गेला.

“हाये.”

सरांनी डोळे उघडले. सतरंजीवर हिरीबाई उभी होती.

आधी सरांना वाटलं, म्हातारीला बाहेर जायचं असेल. त्यांनी विंगेतून हातानं खुणावलं, बसा, बसा, थोडं राह्यलं. हिरीबाईनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. मग दौलतसिंग उठला. मग एकेक करून सगळे उठले. म्हाताऱ्यांना उठायला वेळ लागतो, एकमेकांच्या खांद्याला धरून उठत होते, ते उठेपर्यंत सरांचा जीव वर-खाली होत राहिला. स्टेजच्या पायऱ्यांपाशी त्यांनी चपला काढल्या अन् वर येऊन कटघऱ्याच्या बाजूला उभे राहिले.

हरीओमनं विंगेत पाहिलं. सर दोन्ही हातांनी नाही-नाही करत होते. त्यांना ओरडायचं होतं, पण ओरडले असते तर शांतता त्यांनीच मोडली असती. हरीओमनं सरांकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. ज्यानं जन्मभर म्हाताऱ्या माणसांना हात धरून जीपमध्ये बसवलं, तो काय करणार?

“बोला आजी,” तो म्हणाला.

मेलो, असं सर मनात म्हणाले.

“साहेब,” हिरीबाई बोलायला लागली, “हा सोमला आमचा माणूस हाये. आमी ह्याले वळखतो. चोर नाई हा.”

इथं तरी हरीओमनं गप्प बसावं की नाही? पण त्याच्या डोक्यात जे आलं ते तो विचारून बसला, अन् तेही वऱ्हाडीत. “मंग इतके दिवस कुठी होते तुमी?”

“भेलो होतो साहेब,” ती म्हणाली. “ह्याले धरून नेलं तं आमाले वाटलं, आता सगळ्याईले धरतीन. रातीच बैलाईवर गोण्या लादल्या अन् निंघून गेलो. आंगावर लेकरं होती. तुमी इथं हाका मारून राह्यले होते, तवा आमी घाट उतरत होतो.” तिनं राजपालच्या डोक्यावरच्या फेट्याकडे पाहिलं. “आमच्या नसाबीत पहिल्या दोन हाकेले माणूस बसून राह्यते. बोलनाऱ्यानं इच्यार करून बोलावं म्हून. पण तिसरी हाक कोणी रिकामी जाऊ देत नाई. माणूस कितीही वाईट राहो, एक तरी उठते. ह्याच्या येळेस खाली गेली. तवापासून नसाब बसली का नाईक पहिले ह्याचं नाव घेते, का सोमलासारखं होऊ नका देजा. माह्या सासऱ्यानं मले सांगतलं, मी ह्या पोट्ट्याले सांगतलं. आज तुमी पुन्हा हाक मारली. म्हून आमी आलो.”

दौलतसिंग पुढं झाला. “आमी जामीन राहतो साहेब. सगळा तांडा.”

कटघऱ्यातल्या राजपालला मान खाली घालून उभं राहायचं होतं. त्यानं मान वर केली होती, अन् तो रडत होता.

आता पूर्ण मंडपात आवाज नव्हता. मागची पोरं बाकांवर उभी होती, तीही चूप. सर विंगेत उभे होते. त्यांनी मागितलेली शांतता हीच होती, ह्याहून मोठीच होती, फक्त ती त्यांनी लिहिलेल्या जागी नव्हती अन् त्यांनी आणलेली नव्हती. त्यांना रडू आलं, अन् रडू आलं म्हणून स्वतःचा फार राग आला.

वैष्णवीनं हातातले कागद टेबलावर ठेवले. “सरकार पक्षाची काही हरकत नाही,” ती म्हणाली.

“वैष्णवी,” सर विंगेतून दातांतल्या दातांत म्हणाले, “मार खाशील.”

राहिला हरीओम. त्याच्यापुढं कागद होता, कागदावर काळं पाणी होतं. त्यानं तो वाचला, उलटा करून ठेवला, टोपावर हात फिरवला. दोन सरक्या पडल्या. मग वावराच्या वादासाठी मालेगावला चकरा मारणाऱ्या सवाऱ्यांच्या तोंडून जे तो लहानपणापासून ऐकत आला होता, तेच त्याच्या तोंडून निघालं.

“निकाल पुढच्या तारखेला,” तो म्हणाला, अन् मोगरी आपटली.

शिपायानं पडदा ओढला. मग ज्या टाळ्या वाजल्या त्या सरांना ऐकूच आल्या नाहीत, कारण ते पडद्यामागं गरजत होते.

“तारीख? कोणती तारीख? इतिहास हाये हा, शिक्षा झाली होती त्याला. काय चाललं काय तुमचं? तू न्यायाधीश का एसटीचा कंट्रोलर?”

“सर, आजी उभी होती,” हरीओम टोप काढत म्हणाला. “तिच्यापुढं काळं पाणी कसं म्हणू?”

“अन् तू,” सर राजपालकडे वळले, “तुला माहीत होतं ना हे तिसऱ्या हाकेचं? मग सांगितलं काहून नाही?”

राजपाल फेटा सोडत होता, नीट, जमिनीला लागू न देता. “सांगत होतो सर,” तो म्हणाला. “तुमी मान खाली घालाले सांगतली.”

सरांनी खिशात हात घातला तर डीजेची वायर हाताला लागली. ती त्यांनी शिपायाच्या अंगावर फेकली, राजपालच्या हातातला फेटा फडक्यात बांधून घेतला अन् ते बाहेर आले.

बाहेर हरीओमच्या बापाची जीप तांड्याच्या मंडळींना न्यायला उभी होती. सगळे चढले होते, हिरीबाई तेवढी खाली थांबली होती.

“मास्तर, तारीख कोणती?”

“कायची तारीख?”

“साहेबानं तारीख देतो म्हणलं ना.”

“अहो बाई,” सरांचा आवाज फाटला, “ते नाटक हाये.”

“समजते मले. बुडी झाली मी, येडी नाई झाली. तारीख सांगा.” मग तीच म्हणाली, “पाडव्याच्या नंतरची ठेवा. तवर ऊसातले लोक येते. ह्याचे मायबापही येतीन. आज घरी होते तेवढे बुडेच आलो आमी. सोमला म्हणन, इतक्या वर्षांनी आले अन् अर्धेच आले.”

सरांना पुष्कळ सांगायचं होतं. पाडव्यानंतर परीक्षा असतात, मंडप नसतो, अन् परीक्षा लागल्या की त्यांचा स्वतःचा निरोप झालेला असतो, मग ते ह्या कॉलेजचे कोणीच नसतात. हे सगळं जिभेवर आलं होतं. हिरीबाई वाट पाहत उभी होती.

“पाडव्यानंतरचा पहिला ऐतवार,” सर म्हणाले. “पण कॉलेजात नाही. तांड्यावर करू.”

“मंग फेटा तुमच्याच जवळ राहू द्या,” ती म्हणाली अन् दौलतसिंगचा हात धरून जीपमध्ये चढली.

सरांची मोटारसायकल सकाळीच पंक्चर झाली होती, ते दुखणं सांगायचं राहिलंच. तेव्हा तेही त्याच जीपमध्ये दौलतसिंगच्या शेजारी कोंबले गेले, मांडीवर फेट्याचं गाठोडं. जीप हायवेला लागली. मग दौलतसिंगनं तोंडात सुपारी टाकली.

“एक इचारू मास्तर? सोमलाले काळं पाणी झालं, हे तुमाले कोणं सांगतलं?”

कोणीच सांगितलं नव्हतं.

“मंग काय झालं त्याचं?” शेवटी त्यांनी विचारलं.

दौलतसिंगनं सुपारी गालाच्या दुसऱ्या बाजूला घेतली. “तं झालं असं,” तो म्हणाला, “साहेबाची तिसरी हाक खाली गेली, तवा कचेरीत पाणी भरनारी एक बाई होती...” तेवढ्यात जीप कचकन थांबली.

“सर, किन्हीराजा आलं,” हरीओमचा बाप वळून म्हणाला.

सर जागचे हलले नाहीत. त्यांनी गाठोडं मांडीवर नीट धरलं अन् वैतागून म्हणाले, “चालू दे ना बाप्पा पुढं. माणूस गोष्ट सांगून राह्यला, दिसत नाही काय तुले?”